काळे कपडे घालून पानिपतला

आधीच सांगतो, ह्याचा शेवट तुम्हाला ओळखता येणार नाही. ओळखून दाखवा. माझा अख्खा जन्म सरकारी गाडी चालवण्यात गेला. मागच्या सीटवरचा साहेब पुढं काय बोलणार, ते मला आरशात बघून कळायचं. तरी हा शेवट मलाही ओळखता आला नव्हता, आणि गाडी तर मीच चालवत होतो.

आमच्या कॉलनीच्या बागेत एक सिमेंटचा बाक आहे. दिल्लीच्या थंडीत तिथं ऊन सगळ्यात आधी येतं आणि सगळ्यात शेवटी जातं, म्हणून कॉलनीतली मराठी माणसंही तिथंच. बायका मटार सोलतात, आम्ही माणसं सोलतो. मटाराच्या साली जास्त, दाणे कमी. माणसांचं उलटं आहे. सोलत जा, दाणे निघतच राहतात.

तर सगळ्यात टपोरा दाणा म्हणजे आमचे सावंत साहेब.

* * *

सावंत साहेब मालवणकडचे. इथं मोठ्या ऑफिसात अधिकारी. बिल्कुल सज्जन माणूस. आवाज एवढा हळू, की त्यांच्याशी फोनवर बोलताना आपणच पुन्हा पुन्हा बघतो, कट झाला का काय.

एकदा त्यांच्या स्वयंपाकघरात माकड शिरलं. दिल्लीत माकडं काय, साहेबलोकांसारखीच, कुठंही शिरतात. वहिनी किंचाळल्या, शेजारची पंजाबी बाई झाडू घेऊन धावली. साहेब पुढं झाले आणि माकडाला म्हणाले, "एक्स्क्यूज मी."

माकड थांबलं. खरंच थांबलं. दिल्लीत त्याच्याशी इतक्या आदरानं कोणी बोललंच नव्हतं.

मग वळलं आणि केळ्यांची दुसरी फणी पण घेऊन गेलं.

* * *

अशा माणसाला मुलगी झाली मुक्ता. मुक्ता रग्बी खेळते. अंड्यासारखा लांबोळा चेंडू छातीशी धरायचा आणि समोरच्या टोकाला जाऊन जमिनीला टेकवायचा. मधे जी कोणी येईल ती तुम्हाला पाडणार. मुक्ता दिल्लीच्या मुलींच्या टीममधे मैदानाच्या कडेनं पळते. आमच्या बाकासमोरच प्रॅक्टिस करायची. पळताना बघितली की आमच्या सगळ्यांच्याच छात्या फुगायच्या. पोर कॉलनीची, म्हणजे सगळ्यांची.

त्या वर्षी संक्रांत रविवारी आली होती, आणि त्याच दिवशी पानिपतच्या टीमशी मॅच होती, पानिपतला. जुनी खुन्नस. एका वर्षी त्या जिंकतात, एका वर्षी ह्या.

साहेब बाकावर येऊन म्हणाले, "ही शेवटची मॅच. सोमवारपासून सिव्हिल सर्व्हिसचं कोचिंग."

मुक्ता तिथंच होती, बुटातली माती काढत. म्हणाली, "पप्पा, तुम्ही एक पण मॅच बघितली नाही माझी."

"बघून काय होणार?"

"ओरडाल."

"मी?" साहेब हसले. त्यांचं हसणंही विनाआवाजाचं. "मी ओरडत नाही, मुक्ता."

आता असल्या जागी माझ्यासारख्यानं गप्प बसायचं असतं. मी म्हणलं, "लावा पैज साहेब."

साहेबांनी सही करायच्या आधी करतात तसा विचार केला. "ठीक आहे. मी मॅचला येईन. बघताना माझ्या तोंडून एक जरी आरोळी निघाली, तर तू पाहिजे तितकी वर्षं खेळ. नाही निघाली, तर सोमवारपासून क्लास."

"नक्की?"

"माझा शब्द आहे."

आमच्यातल्या शमीम मुलाणी वहिनी, सोलापूरच्या, इथं दिल्लीतल्याच एका हॉस्पिटलात नर्स. त्यांना पंच नेमलं. त्या म्हणाल्या, "खोकला, जांभई, शिंक ह्यातलं काही धरणार नाही. आवाज घशातनं आला का छातीतनं, मला कळतं."

* * *

मॅचच्या आधीचे दिवस म्हणजे नुसता अभ्यास. आणि अभ्यास म्हणलं की आमचा आकाश कांबळे. लातूरकडचा, मोठ्या परीक्षेची तयारी करतो. बसता उठता मुद्द्यांत बोलतो. चहा घेणार का विचारलं तरी आधी पार्श्वभूमी सांगतो.

तो बाकावर उभा राहिला आणि सुरू झाला. "प्रस्तावना. दिल्लीचा वेग विरुद्ध पानिपतची ताकद. मुख्य मुद्दे. पहिला, पानिपतच्या पुढच्या रांगेत सुमन नावाची मुलगी आहे. तिच्या घरचा हातमागाचा धंदा. गालिच्याची गुंडाळी ती एकटी खांद्यावर घेऊन जिना चढते."

आमचे निंबाळकर, फलटणचे, फौजेतले रिटायर्ड हवालदार, मिशा एवढ्या की चहा गाळूनच पोटात जातो. ते म्हणाले, "असेल. पुढं?"

"दुसरा मुद्दा, दिल्लीची मधली फळी अनुभवी. तिसरा, हवामान. निष्कर्ष. दोन्ही बाजूंनी समतोल विचार करता..."

"अरे कोण जिंकणार ते बोल ना."

"काका, तसं लिहिलं तर मार्क कापतात."

ती गालिच्याची गुंडाळी मात्र मला आवडली. संध्याकाळपर्यंत मी कॉलनीभर करून टाकलं, की सुमन गुंडाळी घेऊन जिना चढते आणि गुंडाळीवर तिची आजी बसलेली असते.

मुक्ता माझ्याकडं आली. "मामा, मला त्या सुमनलाच चुकवून पळायचंय. घाबरवताय कशाला?"

म्हणलं, "मग आजीलाही चुकव."

* * *

साहेबांच्या आरोळीची ट्रायल घेणं गरजेचं होतं. इंजिन चालू होतंय का नाही, हे गाडी रस्त्यावर काढायच्या आधी बघावं लागतं.

मी बाजारातनं रबराची पाल आणली. हुबेहूब. साहेब बाकावर कोट काढून ठेवतात, तेव्हा त्यांच्या कोटाच्या खिशात सोडली. आम्ही सगळे मटार सोलत डोळ्याच्या कोपऱ्यातनं बघतोय. साहेबांनी रुमालासाठी खिशात हात घातला. पाल बाहेर आली, शेपटीकडनं.

निंबाळकर ओरडले. पालीचं त्यांना माहीत होतं, तरी ओरडले. फौजेतला माणूस.

साहेबांनी पाल उलटीसुलटी बघितली, पुसली, आणि माझ्या हातात ठेवली. "दत्तूजी, ही आपली असावी."

शमीम वहिनींनी मुक्ताकडं बघून मान हलवली. ऑपरेशन थिएटरातनं बाहेर येऊन नातेवाइकांना बघून हलवतात तशी.

* * *

पण मग एक झालं.

मी निंबाळकरांना खेळ समजावत होतो. साहेब शेजारी पेपर उघडून बसलेले, पूर्ण झाकलेले.

म्हणलं, "चेंडू हातानं पुढच्याला द्यायचाच नाही. द्यायचा तर मागच्याला. आणि तरी सगळ्यांनी मिळून पुढं जायचं."

निंबाळकर म्हणाले, "काहीतरीच. असं कुठं असतं का?"

पेपर खाली आला. "आमच्या ऑफिसात," साहेब म्हणाले. "फाईल कायम मागे पाठवायची, आणि काम पुढे सरकलं म्हणून सांगायचं."

पेपर वर गेला.

समोर पोरी स्क्रम करत होत्या. स्क्रम म्हणजे ह्या बाजूच्या पोरी वाकून एकमेकींत खांदे अडकवणार, त्या बाजूच्या तशाच, आणि मग डोक्याला डोकं लावून ढकलाढकली. शमीम वहिनी म्हणाल्या, "ह्यात काय एवढं, मी राजीव चौकाला मेट्रोत रोज करते. पर्स सांभाळून."

आणि पेपरामागनं आवाज आला. हळूच. "तिसरी मुलगी फार वर उठतेय. पाडतील तिला."

मुक्तानं माझ्याकडं बघितलं. मी मुक्ताकडं बघितलं. इंजिन घरघरलं होतं.

* * *

पानिपतला जायला टेम्पो ट्रॅव्हलर ठरवली. चालवणार मी. आदल्या दिवशी निंबाळकरांनी बाँब टाकला. "मी येणार नाही."

"का?"

"संक्रांतीला? पानिपतला? मराठ्यांनी?" मिशा थरथरत होत्या. "एकदा गेलो होतो संक्रांतीला, ते पुरे. अजून घरोघरी बायका बोलून दाखवतात."

कांबळे म्हणाला, "काका, त्या पराभवाची कारणं तीन..."

"तू गप."

मी समजावलं, साहेबांनी समजावलं. निंबाळकर हलेनात. मग शमीम वहिनी मटाराची परात बाजूला ठेवून उठल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, तिथं तुमच्या तोफखान्यावर आमचेच लोक होते ना? शेवटपर्यंत तोफा सोडल्या नाहीत त्यांनी. तुम्हाला नुसतं बसमधे बसायचंय."

दुसऱ्या दिवशी निंबाळकर सगळ्यांच्या आधी येऊन पहिल्या सीटवर बसले होते. हॉर्न पण त्यांनीच वाजवला.

* * *

आता कपड्यांचं. नीट ऐका.

मुक्तानं मला बजावलं होतं, "मामा, आमची जर्सी पिवळी. पानिपतवाल्यांची काळी. सगळ्यांना सांगा, पिवळं घालून या."

म्हणलं, "हो, सांगतो की."

आणि कॉलनीत प्रत्येकाच्या दारात जाऊन आठवण केली, "संक्रांत आहे हां. आपली रीत मोडायची नाही. काळं घाला."

सांगायची तरी काय गरज होती. आपल्याकडं वर्षभर काळं अशुभ आणि संक्रांतीला तेच शुभ. बायकांनी वर्षभर पेटीत ठेवलेल्या चंद्रकळा काढल्या. मुक्ताला फोनवर चंद्रकळा म्हणलं तर ती विचारते, "ती मिठाई ना?" दिल्लीत वाढलेली पोर. काळी साडी म्हणलं तेव्हा समजलं. पण तोवर ती टीमबरोबर पानिपतला पोचली होती आणि आम्ही गाडीत बसलो होतो.

निंबाळकर काळ्या स्वेटरात. कांबळे काळ्या जॅकेटात. साहेब काळा कोट, गळ्याला काळा मफलर. गाडीत आरशात बघितलं तर मागं नुसते दात दिसत होते.

पानिपतला मैदानाच्या गेटवर पांढऱ्या पागोट्याचे एक चौधरी उभे. हातात काठी. आम्हाला उतरताना बघितलं आणि त्यांचं तोंड असं फुललं, जसं काही वरात आली. "आओ जी, आओ. इतनी दूर तै म्हारी छोरियां ताईं आए सो?"

काळे कपडे बघून त्यांना वाटलं, आम्ही त्यांच्याच पोरींसाठी आलोय. मी म्हणलं, "बिल्कुल जी."

आणि चौधरींनी आम्हाला नेऊन पानिपतच्या मांडवात बसवलं. एकदम पुढच्या रांगेत, ढोलवाल्यांच्या शेजारी. निंबाळकरांच्या हातात पानिपतचा झेंडा दिला. आमच्या काही लक्षात यायच्या आत चूरमा आला, गाजराचा हलवा आला, ग्लासभर दूध आलं. नको म्हणलं की अजून वाढायचे.

कांबळे माझ्या कानात म्हणाला, "मामा, आपली माणसं तेव्हा इथं उपाशीपोटी लढली होती."

"मग?"

"आता पोट एवढं भरलंय, की लढता येणार नाही."

तेवढ्यात पिवळ्या जर्सीतल्या पोरी मैदानात आल्या. मुक्तानं आमच्याकडं बघितलं. कमरेवर हात ठेवून बघत राहिली. सगळं गोत गनिमाच्या मांडवात, काळ्या कपड्यांत, हलवा खात बसलंय. मी हात हलवला. तिनं नाही हलवला.

* * *

चौधरींनी निंबाळकरांना विचारलं, "कित तै आए?"

निंबाळकर ताठ झाले. झेंडा मांडीवर ठेवला. "दिल्ली से. असल में महाराष्ट्र से. मराठे हैं हम."

म्हणलं, आता काठी बसणार.

चौधरी म्हणाले, "लो, कर लो बात. हम भी तो मराठे सां. रोड मराठे. म्हारे बुजुर्ग लड़ाई के बाद उरै ए, यहीं, रह गए थे."

निंबाळकर उभे राहिले. बसले. परत उभे राहिले. मिशीला हात लावला आणि तसाच ठेवला. मग विचारलं, "तो वापस क्यों नहीं आए?"

चौधरींनी त्यांच्याकडं बघितलं. "लेने तो तम आज आए सो."

निंबाळकरांनी स्वेटरच्या खिशातनं तिळगुळाची पुडी काढली आणि अख्खी त्यांच्या हातावर रिकामी केली.

* * *

मॅच सुरू झाली. साहेब दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, तोंड मिटून बसलेले. एका बाजूला शमीम वहिनी, डोळे त्यांच्या गळ्यावर. आमच्या सगळ्यांची एक नजर मैदानावर, एक साहेबांवर.

पहिला हाफ काही नाही. मुक्ताला पाडली, साहेबांनी फक्त गुडघे घट्ट धरले. मुक्ताला परत पाडली, ओठ फुटला, साहेबांनी मफलर सारखा केला. पानिपत पुढं. मांडव दणाणत होता. आपण त्यातच बसून गप्प. दुसरा हाफ संपत आला. मुक्तानं लांबून बापाकडं बघितलं. बाप मूर्तीसारखा. मी म्हणलं, झालं. सोमवारपासून क्लास.

आणि स्क्रममधनं चेंडू सुटला. मागं, अजून मागं, मग कडेला, मुक्ताच्या हातात. आमच्याच मांडवाच्या कडेनं ती सुटली. समोर ती सुमन. आजी नव्हती, पण नसली तरी पुरेशी होती. मुक्तानं आत जातेय असं दाखवलं आणि बाहेरनं निघाली. सुमनच्या हातात नुसती हवा. आता समोर मोकळं मैदान, मागनं सगळ्या काळ्या जर्सी.

माझ्या शेजारी कोणीतरी उठलं. मला वाटलं निंबाळकर.

"धाव गो चेडवा! धाव!"

मालवणी. इतक्या वर्षांत त्या माणसाच्या तोंडून आम्ही मालवणीचा एक शब्द ऐकला नव्हता. तो आवाज घशातनं नाही, छातीतनं नाही, पार मालवणच्या समुद्रावरनं आला. बोटीवरच्या माणसाला किनाऱ्यावरनं हाक मारतात तसा. ढोल थांबले. सगळा काळा मांडव वळून साहेबांकडं बघायला लागला. आपल्याच मांडवात बसून, आपलाच हलवा खाऊन, हा माणूस कोणासाठी ओरडतोय?

चौधरींनी काठी टेकवली. "किसकी छोरी सै या?"

साहेबांच्या डोळ्यांतनं पाणी. "मेरी है जी."

"तेरी सै?" चौधरींनी ढोलवाल्याकडं बघितलं. "तो फेर म्हारी भी होई. बजा रै."

आणि पानिपतचा अख्खा मांडव, ढोलाच्या ठेक्यावर, दिल्लीच्या पोरीसाठी ओरडायला लागला, "धावगो चेडवा, धावगो चेडवा." अर्थ 'धाव गं पोरी', पण तो तिथं एकालाही माहीत नाही. साहेब सगळ्यांच्या पुढं उभे राहून, मफलर हवेत फिरवत. मुक्तानं चेंडू टेकवला, आणि टेकवल्यावरही ते थांबेनात. शिट्टी झाली, मॅच संपली, तरी थांबेनात.

मॅच पानिपतनं जिंकली. थोडक्यात. आम्हाला कोणाला वाईट वाटल्याचं आठवत नाही. शमीम वहिनींनी मुक्ताच्या ओठाला कापूस लावता लावता निकाल दिला, "छातीतनं. नक्की."

* * *

संध्याकाळी कॉलनीत आमच्या मंडळाचा तिळगुळाचा कार्यक्रम. मंडळाचे अध्यक्ष सावंत साहेब. दर संक्रांतीला त्यांचं भाषण ठरलेलं, गोड बोलण्याचं महत्त्व. लांबलचक, आणि हळू आवाजात.

साहेब माईकसमोर उभे राहिले. तोंड उघडलं. नुसती हवा आली. परत उघडलं. फुस्स. सुमनच्या हातात आली होती तशीच.

शमीम वहिनी उठल्या, मोबाईलच्या टॉर्चनं त्यांच्या घशात बघितलं, आणि माईकवरच सांगून टाकलं, "रथसप्तमीपर्यंत एक शब्द नाही."

मुक्ता पुढं आली, सुजलेला ओठ घेऊन. "पप्पा, मग सोमवारी क्लास?"

साहेबांनी मान हलवली, नाही म्हणून. आणि ताटातला पहिला लाडू तिच्या तोंडात घातला, फुटलेल्या ओठाला न लागता.

मग ते दारात ताट घेऊन उभे राहिले. सगळी कॉलनी रांगेनं येत होती. साहेब प्रत्येकाच्या हातावर लाडू ठेवत होते, आणि प्रत्येक जण त्यांना वाकून म्हणत होता, "गोड बोला, साहेब."